पाणवठ्यावरची एक रात्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले खरी, पण पाय लटपटत आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मंडळात मी हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशेब तेवढा वाचून दाखवला आहे. भाषण असे कधी केले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "रानात रात्रभर मचाणावर बसून आलात, आणि आपल्याच बायकांपुढे चार शब्द बोलायला भिता होय?" यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून २०२४ सालच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही चौघीजणी मेळघाटच्या रानात गेलो होतो, त्याची हकीकत आज सांगते. वाघाची गोष्ट ऐकायला मुले मांडीवर घेऊन ज्या बसल्या असतील, त्यांना आधीच सांगून ठेवते, की आम्हाला वाघ दिसला नाही.

हे जाण्याचे खूळ डोक्यात शिरले ते पुस्तकामुळे. दुपारची भांडी आटोपली की मी वाचनालयातले एखादे पुस्तक घेऊन बसते. असेच एकदा मारुती चितमपल्लींचे पुस्तक हाती आले. त्यांची सारी नोकरी वनखात्यात झाली, मेळघाटातही झाली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचे लिहिणे असे, की वाचता वाचता स्वयंपाकघरात पानांचा वास यावा. माझी भाची कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "मावशी, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसायला मिळतं. मोबाइलवर नाव नोंदवायचं. नोंदवू का?" मी गंमतीने "नोंदव" म्हटले, आणि तिने खरेच नोंदवले!

तिने मला सांगितले, की तिथे गुगामल नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपले सिद्धार्थ उद्यान आले. हिरवळ, पाळणे, भेळेची गाडी, पिंजऱ्यात आळसावलेला वाघ. तसे मुळीच नव्हे, हे मागून कळले. गुगामलचे रान ३६१ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या भोवतीचा मेळघाट त्याहून कितीतरी मोठा आहे. १९७३ साली देशात वाघ राखण्याची योजना निघाली, तेव्हा पहिल्या नऊ रानांत महाराष्ट्रातले हे एकच होते. घाटाला घाट मिळतात म्हणून मेळघाट. तिथे पिंजरा नाही. असलाच तर तो आपल्यासाठी, जीपगाडीचा.

घरात सांगितल्यावर काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा. सासूबाई म्हणाल्या, "चाळिशी उलटली. आता वनवासाला कशाला निघालीस? इथं काय कमी आहे?" आमच्या घरी हे म्हणाले, "जाऊ दे आई, वाघच हिला पाहून पळेल." शेवटी सासूबाईंनी एका अटीवर परवानगी दिली. आधी शेगावला जायचे, गजाननमहाराजांच्या पायावर डोके ठेवायचे आणि मग पुढे कुठे जायचे ते जायचे.

आम्ही चौघी म्हणजे चिटणीसबाई, त्यांच्या जाऊबाई, मी आणि आमच्या पलीकडच्या वहिनी. वहिनी आज इथेच तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि पुढचे सारे मी त्यांना विचारूनच सांगते आहे.

वहिनींचे आणि माझे तेव्हा दीड वर्ष बोलणे नव्हते. कारण पाण्याचे. आपल्या गल्लीतला नळ तुम्ही जाणताच. पैठणचे धरण भरलेले असो की रिकामे, उन्हाळ्यात नळ कधी पाचव्या दिवशी यायचा, कधी आठव्या. आला तरी तासभर. आम्ही काय केले, तर थेट नळाच्या जोडणीलाच मोटार बसवली. मोटार सुरू झाली की आमची टाकी भरेपर्यंत वहिनींच्या नळाची धार करंगळीएवढी होई. वहिनींनी एकदा भिंतीवरून विचारले. चांगल्या शब्दांत विचारले. मी म्हणाले, "तुम्हीही लावा मोटार, कोणी अडवलंय?" त्यांच्या घरी तेव्हा मोटारीला पैसे नव्हते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी बोलले. त्या दिवसापासून साखरेची वाटी बंद, संक्रांतीचा तिळगूळ बंद. सहलीला चौथे नाव वहिनींचे आहे हे मला आदल्या रात्री कळले, आणि त्यांनाही माझे तेव्हाच कळले. पैसे भरून झाले होते, म्हणून दोघीही गप्प बसलो.

२२ मेला पहाटे चारला निघालो. गाडी चिटणीसबाईंचा मुलगा चालवत होता. जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव करीत ऊन तापायच्या आत शेगाव गाठले. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले आणि कैरीचे लोणचे. गाडीत मी एका खिडकीशी, वहिनी दुसऱ्या खिडकीशी, आणि मध्ये चिटणीसबाईंच्या जाऊबाई धाकट्या मुलासारख्या दोघींकडे पाहत बसलेल्या.

शेगावला दर्शन झाले, भक्तनिवासात मुक्काम झाला. संध्याकाळी जाऊबाईंनी पोथी काढली आणि नेमका अकोलीच्या भास्कर पाटलाचा अध्याय लागला. ज्यांनी पारायण केले आहे त्यांना तो माहीत आहे. भर उन्हात तहानलेले महाराज पाणी मागतात, आणि पाटील म्हणतो, मी एवढ्या लांबून घागर वाहून आणली, ती तुला का द्यावी? मग महाराज कोरड्या विहिरीला पाणी आणतात. ऐकताना मी मान खाली घालून बसले. वहिनी कुठे पाहत होत्या ते मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघालो. अकोट, मग अंजनगाव सुर्जी. तिथल्या केळीच्या बागा आणि पानमळे पाहून डोळे निवले. परतवाडा आले. शेवटचा मोठा बाजार हाच, म्हणून तिथे पाण्याचे डबे भरून घेतले. त्यापुढे सातपुड्याच्या गाविलगड रांगेचा घाट सुरू झाला आणि मोबाइल मुके झाले. घरून निघाल्यापासून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर झाले असतील. पण ते शेवटचे चाळीस-पन्नास किलोमीटर मला सगळ्यांत लांब वाटले. वळणावर वळण, एका बाजूला दरी, आणि दोन्ही अंगांना सागच साग. मे महिन्यात सागाला पान नसते. परातीएवढी वाळकी पाने खाली पडलेली, त्यांच्यावरून सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज होतो. तिथल्या नदीचे नाव सिपना. कोरकू बोलीत सिपना म्हणजे साग, असे आम्हाला पुढे कळले. नदी म्हणावी तर नुसते दगड, आणि मधे कुठे कुठे एखादा डोह.

वाटेत एका गावाशी गाडी तापली. हातपंपावर कोरकू बायकांची रांग होती. पंप दहा वेळा हलवावा तेव्हा एक धार येई. आमच्याकडे पाणी होते, पण ते गाडीच्या पोटात गेले. एक म्हातारी पुढे आली. तिने आमची बाटली घेतली, रांगेतल्या पहिल्या बाईची घागर बाजूला केली आणि बाटली भरून दिली. कोणीही तोंड वाकडे केले नाही. मी म्हटले, "आजी, तुमचा नंबर होता." ती मोडक्या मराठीत म्हणाली, "वाटेवरचा माणूस आधी." पाण्याला त्यांच्या बोलीत 'डा' म्हणतात, हेही तिनेच शिकवले. एवढ्याशा पाण्याला एवढासाच शब्द.

दुपारी सेमाडोहला पोहोचलो. तिथे वनखात्याच्या माणसांनी सर्वांना बसवून नियम सांगितले. भडक कपडे नकोत. अत्तर नको, डोक्याला वासाचे तेल नको. मोबाइल बंद. संध्याकाळी मचाणावर चढायचे ते सकाळी सांगतील तेव्हाच उतरायचे. बोलायचे नाही. मग त्यांनी हेही समजावून दिले, की वाघांची खरी मोजदाद आता रानात लावलेल्या कॅमेऱ्यांनी होते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यावरून ते ओळखतात. बुद्धपौर्णिमेची रात्र मात्र जुन्या रिवाजाने अजून पाळतात. तेव्हा रानातले झरे आटलेले असतात, पाणी थोड्याच जागी उरते, म्हणून प्रत्येक जनावराला तिथे यावेच लागते, आणि चांदण्यात ते दिसते.

मग मचाणांची यादी वाचली. एका मचाणावर दोन पाहुणे आणि एक वनरक्षक. चिटणीसबाई आणि जाऊबाई एकीकडे. उरलो वहिनी आणि मी. चिटणीसबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की हे काम त्यांचेच असावे असा मला आजही संशय आहे.

आमच्याबरोबर वनरक्षक म्हणून एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. खाकी कपडे, पायात बूट, हातात काठी. मचाणाकडे जाताना वाटेत एक मोकळे माळरान लागले. मधे चार आंब्याची झाडे आणि एक फुटके जाते पडलेले. मी विचारले, "इथं घर होतं का?" ती म्हणाली, "गाव होतं." वाघाला रान मोकळे मिळावे म्हणून आतली गावे बाहेर नेऊन वसवली आहेत. बोरी, कोहा, कुंड ही पहिल्यांदा गेली, मग आणखी गेली. काहींना बाहेर रस्ता, शाळा, दवाखाना मिळाला. काहींचा जीव तिथे अजून रमत नाही. मी त्या जात्याकडे पाहत राहिले. आपण रान पाहायला येतो आणि हौस झाली म्हणून परत जातो. त्या जात्याच्या मालकिणीने मात्र आपली चूल उचलून दिली, तेव्हा हे रान उरले आहे. वाघाचे कौतुक करताना तिचीही आठवण ठेवली पाहिजे, असे मला वाटले.

साडेपाचला शिडीने वर चढलो. चढताना माझी पाठ आणि शिडी दोन्ही कुरकुरल्या. समोर वीस-पंचवीस पावलांवर पाणवठा. वनखात्याने बांधून काढलेला, आपल्या मंडळाच्या या खोलीएवढाच. आता बायकांच्या मेळाव्यात आहे म्हणून सांगते. रात्रभर उतरायचे नाही म्हटल्यावर आमच्या मनात पहिली धास्ती वाघाची नव्हती, दुसरीच होती. त्यामुळे दुपारपासून दोघींनीही पाणी घोट घोटच घेतले होते.

आधी वानरे आली. मग मोर, रानकोंबडा. सूर्य बुडाला आणि समोरच्या डोंगरामागून चंद्र वर आला. इतका मोठा चंद्र मी आपल्या गच्चीवरून कधी पाहिला नव्हता. मग एक सांबराची मादी आली. पाणी दिसत असूनही ती झाडीच्या कडेला कितीतरी वेळ उभी राहिली. कान हलवले, एक पाऊल टाकले, थांबली. शेवटी मान खाली घातली. तिच्या मागून आणखी सहा. पाणी पिण्याचा आवाज आम्हाला वर ऐकू येत होता. अंगावर काटा आला.

नंतर रानगवे आले, चार. केवढे थोरले जनावर! काळा डोंगरच, आणि पाय गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. ते आले तशी सांबरे मागे सरली. गवे पोटभर प्यायले आणि संथपणे निघून गेले. मग रानडुकरीण पिलांसकट आली. तिने कोणाची रीत पाळली नाही, सरळ पाण्यात लोळली आणि सगळे गढूळ करून गेली. तेव्हा जनावरे काही संत नसतात, हे मी तुम्हाला सांगते. ज्याचे अंग मोठे त्याचा मान पहिला, हे तिथेही आहे.

पण एक गोष्ट मी मध्यरात्रीपर्यंत पाहत राहिले. कोणी कितीही थोर असो, प्यायले की निघून जात होते. पाण्यावर बसून कोणी राहिले नाही. गव्याने उद्याचे, परवाचे पाणी भरून नेले नाही. तुम्ही म्हणाल, गव्याच्या घरी धुणेभांडी नसतात. बरोबर आहे. आपल्याला साठवावे लागते, नळ आठव्या दिवशी आला तर साठवणार नाही तर काय करणार? पण साठवणे वेगळे आणि दुसऱ्याची धार ओढून साठवणे वेगळे. हे मला घरी कधी उमजले नव्हते, कारण घरी मी फक्त माझ्या टाकीतला आवाज ऐकत होते.

साडेबाराच्या सुमाराला घसा इतका सुकला, की गिळवेना. मी अंधारात बाटली चाचपली. हात लागला तो असा, की बाटली मचाणावरून खाली गेली. वाळक्या पानांवर केवढा आवाज झाला! वनरक्षक मुलीने माझा हात धरला. पाण्यावर एक साळिंदर होते, ते काटे वाजवीत पळाले. आता सकाळपर्यंत पाणी नाही. जीभ टाळूला चिकटलेली, समोर चांदण्यात भरलेला पाणवठा, आणि मी वर बसून त्याच्याकडे पाहते आहे. ही शिक्षाच होती म्हणा ना.

थोड्या वेळाने माझ्या हाताला काहीतरी गार लागले. वहिनींनी आपली बाटली सरकवली होती. तिच्यात निम्म्याहून कमी पाणी होते. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी बाटली तिथेच धरून ठेवली. बोलायची बंदी होती, ते बरेच झाले. बोलता आले असते तर मी मानापमानाचे काहीतरी बोलले असते. मी दोन घोट घेतले. बाटली परत दिली. त्यांनीही दोन घोट घेतले. सकाळपर्यंत ती बाटली अशीच इकडून तिकडे फिरत राहिली.

दोन वाजता अस्वल आले. धापा टाकत, म्हातारा दम्याचा माणूस चालावा तसे. ते पाण्यात तोंड घालते आहे तोच झाडीत भेकर भुंकले. कुत्र्यासारखे, पण एकेक आवाज तोडून. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले आणि पुढच्याच क्षणी दिसेनासे झाले. वनरक्षक मुलीने बोट ओठांवर ठेवले. नंतर अर्धा तास रातव्याचा आवाजही बंद झाला. सारे रान श्वास धरून बसलेले. वहिनींनी माझे मनगट पकडले होते, की मी त्यांचे, ते आठवत नाही. काहीही दिसले नाही.

उजाडल्यावर उतरलो. पाण्याच्या कडेच्या चिखलात पंजा उमटलेला होता. मी शेजारी हात ठेवून पाहिला, माझ्या तळहाताहून मोठा. "कुला," मुलगी म्हणाली. कोरकूत वाघाला कुला म्हणतात. म्हणजे तो आला होता, तोही तहानेलाच होता, आणि प्यायला आणि गेला. माझी बाटली तिथून जवळच पडलेली होती. ती मी उचलून घरी आणली. ती आजही माझ्याकडे आहे.

आमच्या कागदावर सात सांबरे, चार गवे, एक डुकरीण पिलांसह, एक साळिंदर, एक अस्वल अशी नोंद झाली. खाली मी सही केली. बँकेच्या कागदांखेरीज मी कुठे सही केल्याचे मला आठवत नाही.

परतीच्या वाटेवर पहिला शब्द मीच बोलले. "वहिनी, मोटार मी काढून टाकते." त्या म्हणाल्या, "आधी घरी तर पोचू." एवढेच. पण गाडीत मधली जागा रिकामी राहिली आणि जाऊबाईंना खिडकी मिळाली.

मोटार काढली. आमच्या घरी हे आठ दिवस कुरकुरले. पहिल्या दोन नळांना आमची टाकी अर्धीच भरली, हे मी लपवीत नाही. धुणे एक दिवसाआड गेले. पण तिसऱ्या वेळी गल्लीतल्या आणखी दोन घरांनी मोटारी बंद ठेवल्या आणि वहिनींच्या नळाला धार आली. आमचीही टाकी पाऊणपर्यंत भरली. दाब सगळ्यांना सारखा मिळाला, की प्रत्येकाला थोडे का होईना येते. हे गणित सातवीच्या पुस्तकात नव्हते.

आपले हे शहर मलिक अंबराने वसवले, आणि त्यासाठी त्याला पाण्याची काळजी करावी लागली. डोंगरातून जमिनीखालून त्याने नहर आणली. पुढे अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली, ती आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो. ते पाणी एकाच्या घरी गेले नाही, हौदाहौदांतून साऱ्या वस्तीत गेले. अशा गावच्या आपण बायका आहोत.

म्हणून माझी मंडळाला एकच विनंती आहे. नळ येईल त्या दिवशी पहिला अर्धा तास आपल्या गल्लीत कोणीही थेट नळाला मोटार लावायची नाही, असे आपण बायकांनी आपसात ठरवावे. त्यासाठी अर्ज नको, मोर्चा नको. ज्यांच्या घरी तरीही पाणी पुरत नाही, त्यांचे नाव चिटणीसबाईंच्या वहीत असावे, आणि वरच्या बाजूच्या घरांनी त्यांना दोन हंडे द्यावेत. पुरुष मंडळी कुरकुर करतील. आठ दिवस करतील. माझा अनुभव आठच दिवसांचा आहे.

आणि ज्यांना हे जमणार नाही असे वाटते, त्यांनी पुढच्या बुद्धपौर्णिमेला मचाणावर जाऊन बसावे. शेजारी कोणाला बसवायचे ते चिटणीसबाई पाहतील.